कांडप मशीन सुरू, नेट बंद

आमच्या गटाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे आणि भिंतीपलीकडे मिरची कांडपाचं मशीन. मशीन सुरू झालं की नेट अडखळायचं. हप्ते भरायच्या दिवशी बायका ताटकळत बसायच्या. नेटवाल्याला आम्ही किती बोल लावले, पण दोष आमच्याच केबलमध्ये निघाला.

राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत येणाऱ्या नेटवर्क केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. हा पीळ उगाच नसतो. बाहेरचा विजेचा गोंधळ जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि टोकाशी वजा होऊन जातो. म्हणून घरात साधी कॅट-६ केबल पुरते, १०० मीटरच्या आत. तिथे महागडी केबल घेऊन पैसे घालवू नका.

आमची केबल मात्र मोटारीच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून आली होती. अशा जागी शिल्डेड, म्हणजे तारांभोवती फॉइलचं किंवा जाळीचं कवच असलेली केबल घेतात. केबलवरची छापील अक्षरं वाचा. ‘यूटीपी’च्या आधी एफ असेल तर सगळ्या तारांवर मिळून फॉइल, एस असेल तर जाळी, यू असेल तर काहीच नाही. दुकानात तार ब्लेडने खरवडूनही बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची; ती लवकर तुटते. आम्ही हे सगळं बघून केबल आणली आणि तिला लावले प्लास्टिकचे स्वस्त कनेक्टर! नेट पुन्हा अडखळलं.

कवच जो गोंधळ झेलतं, त्याला जमिनीत जायला वाट लागते. म्हणून आरजे-४५ कनेक्टर धातूच्या आवरणाचाच हवा, केबलचं कवच त्याला टेकलेलं हवं, आणि निदान एका टोकाचं यंत्र धातूच्या पोर्टचं व अर्थिंग मिळालेलं हवं. नाहीतर कवच असून नसल्यासारखं. कधी तर तेच गोंधळ गोळा करतं.

आम्ही वायरमनला बोलावलं. त्याने आधी केबल मोटारीच्या वायरीपासून फूटभर लांब, दुसऱ्या भिंतीने नेली. एवढ्यानेच बराच फरक पडला, आणि तो जवळजवळ फुकटात! मग धातूचे कनेक्टर लावले. शेवटी त्याने बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेची तार मागे कशालाच जोडलेली नव्हती.

त्याच बोर्डावर आमचं कांडप मशीन चालायचं. त्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि ओल्या हातांमुळे होत असेल म्हणून आम्ही वर्षभर गप्प होतो. नेटचं काम बाजूला ठेवून त्या दिवशी आधी मशीन बंद केलं, अर्थिंग करून घेतलं, आणि मगच मिरची दळली.