विमानाच्या पोटात एरंडेल

लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेले एरंडेल अनेकांना आठवत असेल. छोट्या विमानांची इंजिनेही तेच एरंडेल पितात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

एरोमॉडेलिंग हा एनसीसीच्या हवाई विभागातील प्रशिक्षणाचा भाग आहे. दर जानेवारीत दिल्ली छावणीत प्रजासत्ताक दिन शिबिर भरते. तिथे देशभरातून छात्र येतात, त्यांत महाराष्ट्रातली मुलेही असतात. हा नाद लागलेले मूल इंजिनाच्या विमानासाठी हट्ट धरते, तेव्हा आईवडिलांना आधी किंमत दिसते. इंधनात तेल कोणते घालायचे, हा प्रश्न मागाहून येतो. पण तो चुकला तर महागडे इंजिन एका दुपारीत निकामी होते.

तेल इतके का?

या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरप्रमाणे तेल इंधनातच मिसळावे लागते. फरक प्रमाणात आहे. स्कूटरला लिटरमागे थोडेसे तेल पुरे. इथे इंधनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेलाचा असतो. बाकीचे मुख्यतः मिथेनॉल आणि कधी थोडे नायट्रोमिथेन. हे तेल पिस्टनला वंगण देते, शिवाय उष्णता घेऊन धुराड्यातून बाहेर पडते.

गाडीचे साधे इंजिन ऑइल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनेही एरंडेलावरच चालत. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा ‘कॅस्टर’वरून, म्हणजे एरंडावरून आले आहे.

दोन तेलांचे दोन स्वभाव

फार तापले तरी एरंडेल धातूला चिकटून राहते. मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन भडकले, तरी पिस्टन वाचण्याची आशा असते. एरंडेल गंजही रोखते. दोष एवढाच की, पिस्टनवर तपकिरी थर बसतो आणि पंख चिकट होतात.

सिंथेटिक तेल स्वच्छ जळते, थर धरत नाही. पण इंजिन प्रमाणाबाहेर तापले की त्याचे संरक्षण लवकर संपते. म्हणून नवशिक्याने दोन्हींचे मिश्रण घ्यावे. एक लिटर इंधनात ८०० मिलि मिथेनॉल, १०० मिलि एरंडेल आणि १०० मिलि सिंथेटिक, ही सुरुवात बहुतेक लहान इंजिनांना मानवते. लोखंडी पिस्टनच्या जुन्या इंजिनांत एरंडेलाचा वाटा वाढवावा. शेवटचा शब्द इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेचा. एरंडेल शुद्ध, गाळ काढलेलेच हवे. दिव्याचे तेल चालणार नाही.

दिल्लीची हवाही विचारात घ्यावी लागते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा तेलात काटकसर नको. जानेवारीच्या पहाटे थंड, दाट हवेमुळे इंजिनाला इंधन जास्त लागते. त्यासाठी सुई थोडी उघडावी.

घरात विष आहे, हे विसरू नका

मिथेनॉल हे जहाल विष आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, त्या दारूत हेच मिथेनॉल होते. ते थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. म्हणून इंधन घरी बनवण्यापेक्षा तयार घेणे बरे. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यावर ‘विष’ असे ठळक लिहून तो कुलपात ठेवावा. कुणाच्या पोटात गेलेच, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

उड्डाण संपल्यावर टाकीतले इंधन काढून इंजिन कोरडे चालवावे आणि आत तेलाचे दोन थेंब सोडावेत. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि बेअरिंग गंजतात. उडवण्याआधी सरकारी हवाई नकाशावर जागा कोणत्या क्षेत्रात येते, तेही पाहावे. राजधानीत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पोलीस अशा उड्डाणांवर बंदी घालतात.

ओसाड गावी एरंड बळी, असे म्हणून आपण एरंडाला हिणवतो. पण मुलाच्या चुकीने तापलेले इंजिन वाचते, ते बहुधा या एरंडाच्याच बळावर.