टीबीच्या गोळीची खरी किंमत

टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मोफत मिळालेल्या वस्तूची कदर कमी होते, हा माणसाचा जुना स्वभाव. दोन महिने गोळ्या घेतल्या, ताप उतरला, खोकला थांबला, भूक लागू लागली की उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात. घरातले कुणीतरी म्हणते, "आता बरं आहे ना? मग कशाला एवढी गरम औषधं पोटात घालायची?" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत आम्ही अनेकदा ऐकले आहे. म्हणून या गोळ्या कुठून आल्या आणि नव्या गोळ्या इतक्या क्वचित का सापडतात, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मातीतून आलेला इलाज

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने शोधला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने तो जाहीर केला. आजाराचे कारण कळले, पण औषध सापडायला आणखी साठ वर्षे गेली. त्या काळात ज्यांची ऐपत होती ते रुग्णाला पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी आरोग्यधामात ठेवत. मोकळी हवा, पौष्टिक खाणे आणि विश्रांती, एवढाच इलाज होता. ज्यांची ऐपत नव्हती ते घरातच झिजत.

१९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेतील अल्बर्ट शाट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. टीबीवर चालणारे हे पहिले प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याची काळजीपूर्वक चाचणी झाली. पहिल्या सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी चार दगावले, तर नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी चौदा. आनंद मोठा होता, पण तो टिकला नाही. बऱ्याच रुग्णांच्या शरीरातले जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले आणि आजार पुन्हा बळावला.

यातून डॉक्टर जो धडा शिकले तो आजही लागू आहे. टीबीवर एकटे औषध कधी द्यायचे नाही. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांतले थोडे जन्मतःच एखाद्या औषधाला न जुमानणारे असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे थोडेच वाढत जातात. दोन-तीन औषधे एकत्र दिली तर एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

१९५२ मध्ये आयसोनायझिड आले. हे रसायन १९१२ मध्येच प्राग शहरात तयार झाले होते. ते टीबीवर चालते हे कुणालाच ठाऊक नसल्याने चाळीस वर्षे ते तसेच पडून राहिले आणि दरम्यान लाखो लोक दगावले. पुढे फ्रान्समधल्या पाइनच्या जंगलातून १९५७ मध्ये आणलेल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. इटलीतल्या मिलान शहरातील संशोधकांनी त्यापासून मिळालेल्या द्रव्यावर अनेक वर्षे काम करून रिफाम्पिसिन बनवले. लघवी नारिंगी करणारी गोळी ती हीच.

या कहाणीत आपल्या देशाचाही वाटा आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले. आज आपण घरी राहून टीबीचा इलाज करू शकतो, त्याचा पाया तिथे घातला गेला.

चाळीस वर्षांचा दुष्काळ

रिफाम्पिसिननंतर उपचार सहा महिन्यांवर आले. युरोप-अमेरिकेत टीबी कमी झाला आणि औषध कंपन्यांचे लक्ष दुसरीकडे वळले. टीबीचे बहुतेक रुग्ण गरीब देशांतले, नवे औषध बनवायला खर्च प्रचंड आणि नफा थोडा. त्यामुळे चाळीस वर्षांहून अधिक काळ टीबीसाठी अगदी नव्या प्रकारचे एकही औषध बाजारात आले नाही.

पैशाइतकीच मोठी अडचण खुद्द जंतूची आहे. आपल्या आतड्यातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, टीबीच्या जंतूला सुमारे एक दिवस लागतो. त्यामुळे प्रयोगशाळेत एखादे रसायन तपासायचे तरी आठवडे जातात. त्याच्या अंगावर मेणासारखे जाड कवच असते, त्यातून औषध सहज आत शिरत नाही. शिवाय काही जंतू निपचित पडून राहतात आणि झोपलेल्या जंतूवर बरीच औषधे चालत नाहीत. दोन महिन्यांत बरे वाटले तरी उरलेले महिने गोळ्या का घ्यायच्या, याचे उत्तर या झोपलेल्या जंतूंत आहे. आपल्याला बरे वाटते तेव्हा ते संपलेले नसतात.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी करतानाही रुग्ण बरा झाला एवढे पाहून भागत नाही. आजार उलटतो का, हे पाहायला पुढे अनेक महिने त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

या दुष्काळाच्या काळात अर्धवट आणि चुकीच्या उपचारांमुळे जुनी औषधे बोथट होत गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी तर तेव्हा तपासता येण्याजोग्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले आणि जानेवारी २०१२ मध्ये ती बातमी जगभर गेली. अशा हट्टी टीबीवर त्या काळी दीड-दोन वर्षे उपचार चालत. त्यात महिनोन्महिने सुया टोचाव्या लागत आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान कायमचे गेले.

नवी आशा

बेल्जियममध्ये कोएन अँड्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी आणि लवकर वाढणारा भाऊबंद घेऊन त्यावर त्यांनी असंख्य रसायने तपासली. त्यातून बेडाक्विलिन हाती आले. जंतू ज्या यंत्रणेने स्वतःसाठी शक्ती तयार करतो, ती यंत्रणाच हे औषध बंद पाडते. त्यामुळे झोपलेला जंतूही सुटत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

पुढे दक्षिण आफ्रिकेत बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीन औषधे एकत्र देऊन पाहण्यात आली. अतिशय हट्टी टीबी असलेल्या १०९ रुग्णांपैकी ९८ जणांना सहा-नऊ महिन्यांत, एकही इंजेक्शन न घेता गुण आला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. २०२४ मध्ये भारत सरकारनेही त्याला मान्यता दिली. या औषधांनाही जपावे लागते. काहींनी हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, तर काहींनी हातापायांना मुंग्या येतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

औषध सापडले तरी ते गरिबाच्या हाती पडेलच असे नाही. बेडाक्विलिनच्या कंपनीने भारतात पेटंटची मुदत लांबवणारा नवा अर्ज केला होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती उपचारांत गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवण्याची वाट खुली झाली.

आता पाळी आपली

जगात २०२३ मध्ये एक कोटीहून अधिक लोकांना टीबी झाला. त्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त भारतातले. बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू काही देशांत आढळू लागले आहेत. एवढ्या वर्षांनी मिळालेले औषधही बोथट झाले तर पुढचे केव्हा येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. औषध टिकवण्याचे काम घराघरांत होते आणि ते आपल्यालाही करता येते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे दिसली तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका, बेडक्याची तपासणी करून घ्या. जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे सांगणारी तपासणीही सरकारी केंद्रांत मोफत होते. ती जरूर मागा, कारण पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळणे महत्त्वाचे. गोळ्यांनी मळमळ झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या मनाने एखादी गोळी वगळू नका. रमजानात औषधाची वेळ आणि रोजे यांबद्दल महिना लागण्याआधीच डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. रोजच्या डोसला अशी सवलत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. मुलीला टीबी झाला तर निकाहात अडथळा येईल म्हणून घरचे तो लपवतात. सुनेला झाला तर तिला माहेरी धाडतात. मग ती गोळ्या लपूनछपून घेते, पाहुणे आले की डोस चुकतो आणि साधा टीबी हट्टी होतो. टीबी पूर्ण बरा होतो आणि योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत तो पसरण्याचा धोकाही बराच कमी होतो. सरकार उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करते, त्यासाठी दवाखान्यात नोंद मात्र करावी लागते.

घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील तर आज रात्री त्यांच्या गोळ्यांचे पाकीट एकदा पाहा. किती घेतल्या, किती उरल्या, ते मोजा. डोस चुकले असतील तर रागावू नका. सकाळी त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.