महानगरातील मुक्कामाची वस्ती : मुंबईस येणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने एक विचार

संशोधनाच्या निमित्ताने बाहेरगावाहून मुंबईस येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ग्रंथालयाची पायरी चढण्यापूर्वीच एक प्रश्न उभा राहतो. मुक्काम कोठे करावा, हा तो प्रश्न होय. सामान्यतः तो व्यावहारिक समजला जातो आणि दोनच गोष्टींवर सोडविला जातो : ओळखीचे घर कोठे आहे, आणि ते नसल्यास स्वस्त जागा कोठे मिळेल. वस्तुतः हा प्रश्न नगरभूगोलातील स्थाननिवडीचाच आहे. त्याचे उत्तर चुकले तर विद्यार्थ्याचे पैसे जातात त्याहून अधिक त्याचे दिवस जातात. आणि मोजक्या दिवसांच्या रजेवर व तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर आलेल्या माणसाला दिवस हीच खरी पुंजी असते. यास्तव या प्रश्नाकडे थोडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे अनाठायी ठरू नये.

परिचित सिद्धान्त आणि त्यांच्या मर्यादा

नगराच्या अंतर्रचनेसंबंधीचे तीन सिद्धान्त आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ मध्ये शिकागोच्या आधारे समकेंद्री वर्तुळांची कल्पना मांडली. होमर हॉइट यांनी १९३९ मध्ये वर्तुळांऐवजी केंद्रापासून बाहेर पसरणाऱ्या पाचरीसारख्या विभागांवर भर दिला. आणि हॅरिस व उलमन यांनी १९४५ मध्ये एकाच नगरात अनेक केंद्रे असू शकतात असे प्रतिपादन केले. पुढे १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी जागेचे भाडे आणि प्रवासाचा खर्च यांचा मेळ रहिवासी कसा घालतो, याचे विवेचन केले. केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे भाडे उतरते आणि प्रवासखर्च चढतो; प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे या दोहोंमधील एक बिंदू निवडते, असा त्याचा सारांश सांगता येईल.

मुंबईस हे सिद्धान्त जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथील जुना केंद्रीय व्यापारविभाग, म्हणजे कोट भाग, नगराच्या मध्यावर नसून दक्षिणेच्या टोकाला आहे. तीन बाजूंना पाणी असल्यामुळे नगराला वाढण्यास एक उत्तर दिशाच काय ती मोकळी राहिली. परिणामी वर्तुळाच्या जागी एक चिंचोळा पट्टा निर्माण झाला आणि लोहमार्ग हा त्या पट्ट्याचा कणा बनला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा चौतीस किलोमीटरांचा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून मुंबईची वस्ती स्थानकांच्या आधाराने उत्तरेकडे सरकत गेली. म्हणून या नगरात ‘किती दूर’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या मार्गावर’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. अलोन्सो यांचा रहिवासी वर्षानुवर्षे राहणारा आहे. पाहुण्या संशोधकाला दहा-पंधरा दिवसच राहावयाचे असते. रहिवाशाच्या दृष्टीने स्वस्त भाड्याचा लाभ महिन्यागणिक साठत जातो; पाहुण्याला तो लाभ थोडा, आणि प्रवासात गेलेल्या वेळाचा तोटा मात्र पुरेपूर भोगावा लागतो. जी वस्ती राहण्यास शहाणपणाची, ती मुक्कामास शहाणपणाची असेलच असे नाही.

काळाचा लोलक

या दृष्टीने स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रान्ड यांचे १९७० मधील विवेचन अधिक उपयुक्त वाटते. माणसाच्या हालचालीवर तीन प्रकारची बंधने असतात, असे त्यांनी दाखविले. पहिले बंधन शरीराचे व साधनांचे : झोप, जेवण, आणि हाताशी असलेल्या वाहनाचा वेग. दुसरे जुळणीचे : विशिष्ट माणसे, वस्तू व स्थळे यांच्याशी ठराविक वेळी एकत्र येणे. तिसरे अधिकाराचे : एखादी जागा केव्हा खुली आणि कोणाला खुली, याचे नियम. या बंधनांच्या आत जेवढा अवकाश आणि जेवढा काळ माणसाच्या आवाक्यात उरतो, त्याला काळ-अवकाशाचा लोलक म्हणतात.

संशोधकाचा दिवस या लोलकाचे उत्तम उदाहरण होय. वाचनकक्ष उघडण्याची आणि मिटण्याची वेळ ठरलेली असते. हे अधिकाराचे बंधन. दप्तर काढून देणारा कर्मचारी जागेवर असावा लागतो; हे जुळणीचे. मुक्काम दूर नेला की लोलक दोन्ही टोकांनी आकसतो.

प्रस्तुत लेखकाला हे ज्ञान ग्रंथातून झाले नाही. विद्यार्थिदशेत कोट भागातील एका अभिलेखसंग्रहात काम करण्यासाठी तो प्रथम मुंबईस आला, तेव्हा डोंबिवलीस मामांच्या घरी उतरला. भाड्याचा प्रश्न मिटला, जेवणाचाही मिटला. परंतु घर ते स्थानक, गाडीची प्रतीक्षा, अठ्ठेचाळीस किलोमीटरांचा प्रवास आणि पुढची चाल मिळून एका बाजूस जवळजवळ दोन तास लागत. सकाळी एखादी गाडी गर्दीमुळे सोडून द्यावी लागे. दप्तराचे मागणीपत्र पहिल्या फेरीत गेले नाही तर कागद दुपारच्या जेवणानंतर हाती येत. म्हणजे उशीर अर्ध्या तासाचा असला तरी नुकसान अर्ध्या दिवसाचे होई. संध्याकाळी परत निघण्याची घाई असे, कारण मामी जेवावयाच्या थांबून राहत. ‘तू जेवून घ्या म्हणतोस, पण घरात पाहुणा असताना आम्ही आधी कसे जेवणार?’ हे त्यांचे बोलणे प्रेमाचेच होते. परंतु हेगरस्ट्रान्ड यांच्या भाषेत तेही जुळणीचे एक बंधनच. दिवसभर काढलेली टिपणे त्याच रात्री नीट करण्याचे त्राण उरत नसे, आणि परतल्यानंतर त्यांपैकी कित्येक टिपणे अपुरी आढळली. त्यांसाठी पुन्हा एकदा मुंबईची वारी करावी लागली. फुकटचा मुक्काम असा महाग पडला.

याचा साधा हिशेब मांडता येईल. दहा दिवसांच्या कामासाठी रोज चार तास प्रवास धरला तर एकूण चाळीस तास होतात. तेच काम गिरगावात राहून केले आणि जाण्यायेण्यास रोज सव्वा तास लागला, तर साडेबारा तास होतात. फरक साडेसत्तावीस तासांचा. वाचनकक्षाचा दिवस सात तासांचा मानल्यास जवळजवळ चार दिवसांचा. जवळच्या जागेच्या जादा भाड्याची तुलना या चार दिवसांशी करावयास हवी. केवळ डोंबिवलीच्या शून्य भाड्याशी नव्हे.

कामाचे ठिकाण, मार्ग आणि गर्दीची दिशा

मुंबईतील संशोधनाची स्थळे एकत्र नाहीत. हॅरिस व उलमन यांची अनेककेंद्री कल्पना येथे प्रत्ययास येते. कोट भागात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या साहित्यमंडळापासून तिची परंपरा सुरू होते, आणि तिचे ग्रंथालय १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या नगरभवनात आहे. राजाबाई मनोऱ्याखालील विद्यापीठाचे ग्रंथालय तेथून फार दूर नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरच्या परिसरात आहे. विद्यापीठाचे बहुतेक विभाग कलिना येथील विद्यानगरीत आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था व आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था या देवनारला, तर भारतीय तंत्रविज्ञान संस्था पवईस आहे.

या स्थळांना जोडणारे मुख्य लोहमार्ग दक्षिणोत्तर धावतात. पूर्व-पश्चिम जोडण्या मोजक्याच आहेत. त्यामुळे नकाशावरील अंतर फसवे ठरते. अंधेरी आणि देवनार यांमधील सरळ अंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि देवनार यांमधील अंतरापेक्षा कमी आहे. तथापि अंधेरीहून रेल्वेने जाणाऱ्यास एक तर वडाळ्यापर्यंत दक्षिणेस उतरून पुन्हा उलट वळावे लागते, अथवा मेट्रोने घाटकोपर आणि तेथून कुर्ला असे दोन बदल करावे लागतात. टर्मिनसवरून मात्र हार्बर मार्गाची गाडी न बदलता गोवंडीस नेऊन सोडते. अंतर अधिक, पण दगदग कमी.

तिसरा विचार गर्दीच्या दिशेचा. सकाळी मुख्य लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी आणि नवी मुंबई येथील कचेऱ्यांमुळे हा प्रवाह पूर्वीइतका एकमार्गी राहिलेला नाही. तथापि त्याची प्रमुख दिशा अद्याप तीच आहे. यावरून असा नियम काढता येईल की, काम उत्तरेस असेल तर मुक्काम त्याच्या दक्षिणेस करावा, म्हणजे दोन्ही वेळा प्रवाहाच्या उलट जाता येते. काम दक्षिणेस असेल तर मात्र हा लाभ मिळत नाही. तेथे शक्य तितके कामाच्या जवळच राहणे श्रेयस्कर.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि सारे नगर जागच्या जागी थांबले. इतका प्रलय क्वचितच होतो. परंतु मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागांतील रूळ पाण्याखाली जातात. अशा दिवशी ज्याचा मुक्काम कामापासून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे, त्याचाच दिवस वाचतो.

वस्त्यांची तुलना

कोट आणि कुलाबा हे भाग कामाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे, परंतु खर्चाने बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. गिरगाव व धोबी तलाव येथून कोट भाग जवळ, जेवणाखाण्याची सोय चांगली. जागा मात्र लहान आणि जुन्या. दादर हे पश्चिम व मध्य या दोन्ही मार्गांवरील समाईक स्थानक असल्याने, ज्याचे काम दोन-तीन ठिकाणी विखुरलेले आहे त्यास सर्वांत उपयुक्त. चर्चगेट तेथून सुमारे दहा किलोमीटर आहे. देवनारच्या संस्थांत काम असणाऱ्याने चेंबूरचा विचार करावा. ठाणे व नवी मुंबई येथे थोड्या पैशांत ऐसपैस जागा मिळते. परंतु कोट भागातील कामासाठी ती वर सांगितलेल्या हिशेबात बसत नाही.

ही तुलना कायमची समजू नये. आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाला, आणि गिरगाव, दादर व विद्यानगरी ही एकाच मार्गावर आली. गिरगावात राहून कलिन्यास जाणे पूर्वी आडवळणाचे होते, ते आता सरळ झाले आहे. वाहतुकीची एक नवी रेषा आखली गेली की वस्त्यांचा क्रम बदलतो. म्हणून दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या ज्येष्ठांचा सल्ला आदराने ऐकावा, परंतु ताज्या नकाशावर पडताळून पाहावा.

विद्यार्थिनींच्या बाबतीत स्थानकापासून मुक्कामापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. हा टप्पा रात्री वर्दळीचा व उजेडाचा असेल तर वाचनकक्ष मिटेपर्यंत बसता येते. तसा नसेल तर निघण्याची वेळ ग्रंथालय ठरवीत नाही, ती गल्ली ठरविते.

निवड करू न शकणारे पाहुणे

येथवर निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरले. मुंबईच्या इतिहासात मात्र पाहुण्याची वस्ती पुष्कळदा त्याच्या गावाने ठरविली आहे. रत्नागिरीकडील गिरणीकामगार लालबाग-परळ भागात आपापल्या गावकऱ्यांच्या खोल्यांत उतरत. पाळी बदलली की एकाच पथारीवर दुसरा माणूस झोपे. गोव्यातील ख्रिस्ती खलाशांसाठी धोबी तलाव, माझगाव आदी भागांत गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या निवासी मंडळ्या होत्या. दोन सफरींच्या मधला काळ ते तेथे काढीत. या व्यवस्था केवळ आपुलकीतून निर्माण झालेल्या नव्हत्या. त्या गिरणीच्या भोंग्याच्या आणि गोदीच्या टप्प्यात होत्या. ज्यांनी अलोन्सो वाचला नव्हता, त्यांना कामाच्या जवळ राहण्याचे मोल पुरेपूर कळलेले होते.

आजही परळच्या टाटा रुग्णालयात दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक जवळच्या पदपथावर दिवस काढताना दिसतात. दूरची स्वस्त खोली त्यांना ठाऊक नसते असे नव्हे. परंतु उपचाराची हाक केव्हा येईल हे सांगता येत नसल्याने दूर जाणेच त्यांना शक्य नसते. त्यांचा लोलक जवळजवळ एका बिंदूएवढा आकसलेला असतो. स्थाननिवडीचा कोणताही सिद्धान्त मांडताना ही उदाहरणे दृष्टीआड करता येणार नाहीत.

उपसंहार

तात्पर्य, मुक्कामाची वस्ती ठरविताना प्रारंभ खोलीच्या भाड्यापासून न करता कामाच्या वेळापत्रकापासून करावा. कोणत्या संस्थेत किती दिवस, ती केव्हा उघडते, तेथे कोणत्या मार्गाने व कोणत्या दिशेने जावे लागते, हे प्रथम कागदावर मांडावे. नंतर भाडे पाहावे. आणि नातेवाइकांच्या घरी अवश्य जावे, परंतु शक्यतो रविवारी, जेवावयास. अशा रीतीने विचार करणाऱ्या विद्यार्थ्यास आणखी एक लाभ होतो. मुक्काम शोधता शोधता त्याने त्या नगराचा पहिला नकाशा स्वतःच काढलेला असतो, आणि भूगोलाच्या अभ्यासकास याहून चांगली सुरुवात ती कोणती?