शिपायाच्या हातचा चेक

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो, त्या काळात सगळा कारभार लेजरवर चाले. उसाचे बिल जमा झाले की बँकेत पाय ठेवायला जागा नसे. खातेदार चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचा आणि बाकावर बसायचा. क्लार्क लेजरला नोंद करी, अधिकारी सही ताडून चेक पास करी आणि शिपाई तो कॅशियरच्या पिंजऱ्यात नेऊन देई. पास झालेला चेक खातेदाराच्या हाती परत द्यायचा नाही, हा नियम. ''साहेब, दोन पावलांवर तर कॅशियर हाय, द्या हिकडं, मीच देतो की,'' असे म्हणणारी मंडळी भली असत. त्यांना नाही म्हणणे जिवावर येई. पण हा नियम सैल करण्याचा अधिकार मला नव्हता आणि मॅनेजरलाही नव्हता.

निवृत्तीनंतर संगणकाविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच शिपाई आपल्या खिशातल्या फोनमध्ये बसलेला आढळला!

फोनमध्ये एका वेळी शेकडो प्रोग्राम चालू असतात. चालू प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. प्रत्येकाची खोली वेगळी. एकाने दुसऱ्याच्या खोलीत हात घालायचा नाही. निरोप द्यायचा तर तो कर्नलमार्फत. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो. आता हा निरोप कोणी कोणाला द्यावा, हे कोण ठरवणार?

जुन्या युनिक्स पद्धतीत ते मालकाच्या मर्जीवर होते. फाइल माझी, परवानगी मी देणार. शिवाय 'रूट' नावाचा सर्वाधिकारी, त्याला कसलाच अटकाव नाही. यातली मेख अशी की, मी चालवलेला प्रोग्राम माझ्याच अधिकाराने वावरतो. तो आतून लबाड निघाला, तर माझ्या नावावर वाटेल ते करू शकतो.

अमेरिकी हवाई दलासाठी डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी १९७३ साली यावर गणिती नियम मांडले. खालच्याने वरच्याचे गुपित वाचू नये, हे कोणालाही पटेल. पण वरच्यानेही खालच्या दप्तरात लिहू नये, असा दुसरा नियम आहे. सेनापतीने शिपायाला चिठ्ठी लिहायची नाही? प्रथम मलाही हे विचित्र वाटले. मग लक्षात आले की, संशय सेनापतीवर नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामवर आहे. चेक न्यायला निघालेल्या म्हाताऱ्यावर आमचा तरी कुठे संशय होता?

यालाच मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, म्हणजे मालकालाही मोडता न येणारा नियम. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये 'एसई-लिनक्स' खुले केले आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आले. त्यात प्रत्येक प्रोसेसवर शिक्का असतो. निरोप निघाला की कर्नल दोन्हीकडचे शिक्के पाहतो आणि नियमावली उघडतो. तिथे लिहिले असेल तरच निरोप पुढे जातो. लिहिलेले नसेल तर नाही. मग पाठवणारा रूट का असेना.

अँड्रॉइड फोनमध्ये प्रोग्रामांचे निरोप 'बाइंडर' नावाच्या मार्गाने जातात आणि तिथेही हे शिक्के तपासले जातात. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ मध्ये ही तपासणी फक्त नोंद करून सोडून देई. २०१४ च्या ५.० पासून ती खऱ्या अर्थाने अडवू लागली. २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' हा दोष उघडकीला आला. घातक व्हिडिओचा एक मल्टिमीडिया मेसेज आला तरी फोनमध्ये शिरकाव होऊ शके आणि त्यात आवाज, चित्र, कॅमेरा ही सगळी कामे एकाच प्रोसेसकडे होती. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये त्या प्रोसेसचे तुकडे केले आणि प्रत्येकाला आपल्यापुरतीच मुभा दिली. एकाच माणसाने लेजर लिहायचे, चेक पास करायचा आणि नोटाही मोजायच्या, असा कारभार कोणता इन्स्पेक्टर चालू देईल?

तरीही लोक नाडले जातातच. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोटे ॲप येते. शेतकरी ते आपल्या हाताने बसवतो आणि मेसेज वाचण्याची परवानगी देतो. बँकेचा ओटीपी भलतीकडे जातो. कर्नल बिचारा काय करणार? त्याच्या लेखी सही खरी आहे. पडद्यावरचे सगळे वाचणारी 'ॲक्सेसिबिलिटी' ही परवानगी तर त्याहून घातक. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने बाहेरून आलेल्या ॲपसाठी ती रोखून धरली खरी. पण सेटिंगमध्ये जाऊन मालकाला ती उघडता येते आणि फोनवरचा भामटा ते कसे करायचे, हे गोड बोलून शिकवतो. माझे मत विचाराल, तर ही कडी मालकाच्या हाती ठेवायला नको होती.

पण ही सोय मुळात दृष्टिहीनांसाठी केलेली. पडद्यावरचे वाचून दाखवणारे ॲप तिच्यावरच चालते. सरसकट कुलूप लावले तर त्यांचाच फोन मुका होईल. आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्या खातेदारांसाठी वेगळी रीत होती. त्याने स्वतः यायचे, पासबुकावरचा फोटो अधिकाऱ्याने चेहऱ्याशी ताडायचा, अंगठा समोर घ्यायचा आणि साक्षांकन करायचे. वेळ जाई, रांग कुरकुरे. पण पैसे त्याच्याच हातात पडत.