सिगारची शिकवणी

सिगारवर ४० टक्के जीएसटी आणि विडीवर १८, ही फेब्रुवारी २०२६ मधली बातमी एव्हाना शिळी झाली. तंबाखू कंपन्यांचे शेअर किती पडले, तिजोरीत किती येणार, सगळं चघळून झालं. एका छोट्या गिऱ्हाइकवर्गाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. मुंबई-पुण्यातली तिशी-चाळिशीची ही मंडळी. यांनी सिगरेट कधी ओढली नाही, किंवा ओढून सोडली. सिंगल माल्ट शिकून झाली, कॉफीच्या बिया शिकून झाल्या, आता सिगार शिकायची आहे.

करामुळे ही मंडळी मागे हटतील असं समजू नये. सिगारच्या बाबतीत महागाई हे अर्धं आकर्षण असतं. क्यूबाच्या हबानोस कंपनीने २०२२ मध्ये आपल्या कोहिबा या सिगारच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेऊन ठेवल्या. अनेक ठिकाणी त्या दुप्पट झाल्या. २०२४ मध्ये कंपनीची विक्री ८२.७ कोटी डॉलरवर गेली, आणि तो विक्रम होता.

पण शिकायचं म्हणजे काय शिकायचं? नवशिक्याला सगळे जाणकार तेच नियम सांगतात. रिकाम्या पोटी ओढू नका. धूर छातीत घेऊ नका. मिनिटाला एकच झुरका. शेवटचा तिसरा हिस्सा सोडून दिलात तरी चालेल. विझवताना चुरडू नका, नुसती ठेवून द्या, ती आपोआप विझते. सांगणाऱ्याचा सूर असा, की जणू हे दरबारी रीतिरिवाज आहेत. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक नियम रसायनशास्त्रातून आलेला आहे, आणि ते कळलं की निम्मा रुबाब गळून पडतो.

सिगरेटची तंबाखू बहुतांशी गरम हवेच्या भट्टीत सुकवतात. तिच्यात साखर राहते आणि धूर आम्लधर्मी होतो. असा धूर तोंडातल्या तोंडात ठेवून फारसं निकोटिन मिळत नाही, म्हणून सिगरेट ओढणारा तो छातीत घेतो. सिगारची पानं हवेशीर कोठारात सावकाश वाळतात. मग त्यांचे मोठाले ढीग रचून ती आंबवली जातात. ढीग आतून तापतो, साखर संपते, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो. या पानांचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी धुरातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. म्हणजे सिगारवाला धूर छातीत घेत नाही त्यात संयमाचा भाग थोडा. त्याला तो घ्यायची गरजच पडत नाही.

मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू मावते. सिगरेटमध्ये ती एक ग्रॅमही नसते. उपाशीपोटी, घाईघाईने झुरके मारणाऱ्या नवख्याला वीस मिनिटांत घाम फुटतो, गरगरतं, मळमळतं. आपल्याकडे कुणाही शेतमजुराला विचारा, तो एका वाक्यात निदान करील : तंबाखू लागली. वर उपायही सांगील, साखर तोंडात टाक आणि गप पडून राहा. हवानाच्या आलिशान लाउंजमध्येही याहून वेगळा सल्ला मिळत नाही. पहिल्या सिगारला शरीर जे म्हणतं ते ‘नको’ असतं. शिकवणीचा पहिला धडा हे ‘नको’ कसं दाबायचं याचा आहे, एवढं निदान मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मिनिटाला एक झुरका या नियमाचंही तसंच. भराभर ओढलं की निखारा तापतो, पान जळकं लागतं, जीभ पोळते. शेवटच्या हिश्शात आधीचा चिकटा आणि निकोटिन साठत आलेलं असतं, म्हणून तिथे कडवटपणा आणि मारा दोन्ही वाढतात. ‘रोबुस्तो’ नावाचा लोकप्रिय आकार सुमारे १२४ मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर जाड असतो. तो नीट ओढायला पाऊण ते एक तास लागतो. तेवढा निवांत वेळ हाताशी नसेल तर सिगार पेटवण्यात अर्थ नाही.

रंगाबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे. गडद सिगार कडक, फिकी सौम्य, असं दुकानात सर्रास सांगतात. सिगारला तीन थर : आतला भरणा, त्याला बांधणारं पान, आणि वरचं देखणं पान. गडद रंग वरच्या पानाला जास्त आंबवण्यातून येतो, आणि तशा पानाला कित्येकदा गोडसर चव असते. कडकपणा ठरतो तो भरण्यात झाडाच्या शेंड्याकडची, उन्हात पोसलेली पानं किती आहेत त्यावर. नवख्याने काळीसावळी सिगार बघून बिचकू नये आणि फिकी बघून निर्धास्तही होऊ नये.

आता चव. चॉकलेट, चामडं, देवदार, भाजलेले बदाम, ओली माती. ही यादी वाचून हसू येतं, पण ती निव्वळ थाप नाही. आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी नाकातून येते. म्हणून मुरलेले लोक तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडतात, आणि मग खरोखरच काही वास वेगळे काढता येतात. सरावाने नाक तयार होतं, यात शंका नाही. माझी शंका वेगळी आहे. हे शब्द शिकवतं कोण? ‘सिगार अफिशिओनादो’ हे अमेरिकी नियतकालिक १९९२ मध्ये निघालं, सिगारला शंभरपैकी गुण देऊ लागलं, आणि त्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट उसळली. गुण देणारा आणि जाहिराती छापणारा एकच असेल, तर विद्यार्थ्याने वही जपून लिहावी.

आपल्या हवेचा विचार तर या शिकवणीत जवळपास नसतोच. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि विशीच्या आसपासचं तापमान लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात ती बुरसते, नागपूरच्या मे महिन्यात वाळून तडकते. तापमान पंचविशीपलीकडे गेलं की तंबाखूच्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. जपणुकीइतकीच खबरदारी खरेदीतही हवी. काचेच्या झाकणाच्या पेटीतली ‘कोहिबा’ स्वस्तात कुणी देऊ केली, तर ती मुकाट्याने परत करावी. काचेच्या झाकणाच्या पेटीत खरी कोहिबा येत नाही.

शिकवणीत ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्यांना मी सगळ्यात मोठे सिगारतज्ज्ञ मानतो : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं दंतसंशोधकांचं पथक. डॉ. फली मेहता, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता, डॉ. दफ्तरी आणि कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग या मंडळींनी साठच्या दशकात गावोगाव फिरून लोकांची तोंडं उघडून पाहिली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ५०,९१५ गावकरी होते. त्यानंतर पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ जणांना तपासलं. आंध्रच्या श्रीकाकुळम भागात त्यांना चुट्टा भेटला. चुट्टा म्हणजे घरगुती वळलेली जाडसर सिगारच. तिथल्या बायका तो उलटा, पेटतं टोक तोंडात धरून ओढत. तिथल्या १०,१६९ गावकऱ्यांच्या टाळूचा अभ्यास १९७१ मध्ये छापून आला. एरवी क्वचित दिसणारा टाळूचा कर्करोग या भागात नेमका उलटा चुट्टा ओढणाऱ्यांच्या तोंडात सापडत होता.

तो उलटा ओढण्याचा परिणाम, आपण सुलटी ओढतो, असं कुणी म्हणेल. मग व्हिएन्नाकडे पाहू. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगार ओढत, अर्थात सुलट्या. १९२३ मध्ये त्यांच्या टाळूला आणि जबड्याला कर्करोग झाला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम साचा बसवावा लागला, आणि तरी सिगार सुटली नाही. छातीत न ओढल्याने फुप्फुसाचा धोका सिगरेटपेक्षा कमी राहतो, हे खरं. पण तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना ती सवलत नाही. रोज एक-दोन सिगारही तिथला धोका वाढवतात.

मग शिकावी की नाही? माझं मत विचाराल तर शिकू नये. गरगरायला लावणारी वस्तू आवडून घेण्यासाठी एवढा खर्च आणि सराव करावा, असं तिच्यात मला काही दिसलेलं नाही. तरीही ज्याला कुतूहल आवरत नाही, त्याने एवढं करावं. भरल्या पोटी, लहान आकाराची घ्यावी, अर्धी झाली की ठेवून द्यावी. नंतर महिनाभर सिगारकडे फिरकू नये. त्या महिन्यात आठवण आली नाही, तर एक अनुभव पदरी पडला म्हणावं. आठवण येत राहिली, तर तिला चोखंदळपणा म्हणू नये. गल्लीच्या कोपऱ्यावर विडी शिलगावणाऱ्याला जी तलफ येते, तीच ही, फक्त कराचा दर वेगळा. कोहिबा १९६६ पासून क्यूबाच्या फिडेल कास्त्रोसाठी वळली जाऊ लागली. त्याने १९८५ मध्ये सिगार सोडली, ती कायमची. हवानाच्या शिकवणीतला मला पटलेला धडा तेवढाच.