विमानतळ सुरू झालं म्हणून उलव्यात फ्लॅट घेऊन तीन वर्षांनी विकायचा? आधी हा हिशोब बघा

उलवे, खारघर, तळोजा, द्रोणागिरी. गेल्या काही वर्षांत इथं घर बघायला गेलेल्या माणसाला ब्रोकरचं एक वाक्य हमखास ऐकायला मिळालंय, "साहेब, विमानतळ येतंय. आत्ता घ्या, दोन-तीन वर्षांत विका."

आता विमानतळ खरंच आलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. मग भाव वाढणारच ना? वाढतीलही. अडचण तारखेची आहे. या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चं. तेव्हा २०१९ अखेर पहिलं विमान उडेल असं सांगितलं गेलं होतं. उडालं सहा वर्षं उशिरा. त्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढलं, त्यांचा हप्ता काही विमानासाठी थांबला नाही.

आता आकडे मांडू. समजा फ्लॅट ८० लाखांचा. २० लाख तुमचे, ६० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण ५२ हजार. तीन वर्षांत तुम्ही बँकेला पावणेएकोणीस लाख भरता. त्यातून मुद्दल किती फिटतं? जेमतेम ३ लाख ९० हजार. बाकीचं सगळं, म्हणजे जवळपास १४ लाख ८५ हजार, व्याजात जातं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, आणि तुम्ही नेमकी तीच वर्षं भरून बाहेर पडताय.

स्टॅम्प ड्युटी ७ टक्के धरली तर ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार. घेताना आणि विकताना ब्रोकरचा एकेक टक्का, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. मेंटेनन्स महिना ४ हजार धरा. सगळं मिळून २४ लाखांच्या घरात. स्वतः राहिलात आणि महिना २२ हजार भाडं वाचलं, तर त्यातले ८ लाख वजा करा. तरी १६ लाख उरतात. म्हणजे फ्लॅट ९६ लाखांना गेला तर तुम्ही कुठं बरोबरीत आलात. तुमच्या २० लाखांवर एफडीत मिळालं असतं ते व्याजही धरलं, तर हा आकडा एक कोटीच्या आसपास जातो. इंटिरिअर आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवरचा ५ टक्के जीएसटी यात धरलेलाच नाही.

बरं, नफा झालाच तर टॅक्स आहे. घर २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर साडेबारा टक्के. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना विकताना कळते. जुन्या करप्रणालीत ८० सी खाली मुद्दलावर सूट घेतली असेल आणि ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर घेतलेली सूट परत उत्पन्नात जोडली जाते.

नवी मुंबईचा स्वतःचा एक खर्च आहे तो सिडकोचा. इथली बरीच जमीन सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली. अशा सोसायटीत फ्लॅट विकताना सिडकोची एनओसी आणि ट्रान्सफर चार्जेस लागतात. ते कोण भरणार यावर शेवटच्या क्षणी सौदे अडतात. तेव्हा घेतानाच सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून ठेवा.

आणि भावाचं म्हणाल तर जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो. खरा व्यवहार कितीला झाला ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स-२ काढून दिसतं. त्याच बिल्डिंगमधले गेल्या दोन-तीन वर्षांतले रीसेलचे व्यवहार बघा. आकडा तर कळेलच, एकूण किती फ्लॅट विकले गेले तेही कळेल. समोरच बिल्डरचा नवा टॉवर उभा राहत असेल, तर तुमचा गिऱ्हाईक आधी तिकडं जाणार हेही धरून चाला.