‘डीपफेक आहे रे तो!’

समजा, कुंडलच्या कुस्ती मैदानाचा जुना व्हिडिओ कुणीतरी ‘आजची निकाली कुस्ती’ म्हणून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लगेच कमेंट येणार, ‘डीपफेक आहे रे तो!’ नाही, भावा. माती खरी, मल्लही खरे, खोटी फक्त तारीख. त्याला थाप म्हणायची.

डीपफेक कशाला म्हणायचं, ते सचिनच्या व्हिडिओवरून कळतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करताना मोबाईलवर फिरत होता. मुलगी सारा हा गेम खेळून रोज पैसे कमावते, असं सांगत होता. चेहरा त्याचाच, आवाजही हुबेहूब. पण असं तो कधी बोललाच नव्हता! १५ जानेवारीला त्यानं स्वतः पोस्ट टाकून व्हिडिओ खोटा असल्याचं सांगितलं. मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हाही नोंदवला.

‘डीप लर्निंग’मधला डीप आणि ‘फेक’, अशी ही जोडी. एखाद्याचे ढीगभर फोटो आणि आवाज कॉम्प्युटरला पुरवायचे. ओठ कसे हलतात, मान कशी वळते, हे तो शिकतो आणि न घडलेलं घडवतो. २०१७ मध्ये रेडिटवर याच नावाच्या एका युजरनं अभिनेत्रींचे चेहरे अश्लील व्हिडिओंवर चिकटवले, तिथून हा शब्द पसरला. म्हणजे त्याचा जन्मच बायकांच्या बदनामीतला.

नुसत्या आवाजाचीही नक्कल होते. आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना २०२५ मध्ये त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. परवानगीशिवाय एआयनं त्यांचा आवाज बनवून देणं हा त्यांच्या हक्कांचा भंग आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

मग शब्द सैल वापरला तर बिघडतं काय? कॅमेऱ्यात खरोखर सापडलेला माणूस ‘तो डीपफेक आहे’ म्हणून सुटायला बघतो. आणि जिचा खरंच डीपफेक झालाय, ती मैत्रीण सांगायला आली की आपण म्हणतो, ‘एडिटिंग असेल गं, सोड ना.’

सोडू नका. व्हिडिओ पुढे पाठवू नका, पण त्याची लिंक आणि अकाउंटच्या नावाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. आणि पोलीस ठाण्यात तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.